कचेऱ्यांची झाडलोट आणि मालकाचा शोध

संध्याकाळ उलटली की महानगरांतील कचेऱ्या ओस पडतात आणि झाडू, फडकी, बादल्या घेऊन दुसरीच माणसे आत शिरतात. यांचा मालक कोण, हा प्रश्न २१ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्या दिवशी देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास त्यांतील एका संहितेने सर्वसाधारणपणे मनाई केली. परंतु झाडलोट व साफसफाई ही बहुतेक आस्थापनांपुरती मुख्य कामांतून वगळली.

मुंबईला हा वाद नवीन नाही. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडलोटीसाठी कंत्राटी कामगार नेमण्यास बंदी घातली होती. तिच्या आधारे एअर इंडियाच्या सफाई कामगारांची संघटना न्यायालयात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम सेवेत घेण्याचा आदेश कायम केला. पाचच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ रोजी, त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो दृष्टिकोन अमान्य केला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरविली. आधी कायम झालेले बचावले, मागून येणाऱ्यांसाठी दार बंद झाले.

कायद्याचे दार बंद असताना काय करता येते, हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात दिसले. तेथे १९८० च्या दशकात इमारतमालकांनी सफाईचे काम संघटना नसलेल्या कंत्राटदारांकडे वळविले आणि वेतन घसरले. कामगार बहुतांशी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले, म्हणजे पुष्कळसे आपलेच कॅथलिक बंधुभगिनी. एका कंत्राटदाराकडे संघटना उभी राहिली की इमारतमालक त्याचे कंत्राटच काढून घेई. म्हणून कामगारांनी कंत्राटदाराशी भांडणे सोडले आणि इमारतमालकांना गाठले. एका भागातील बहुतेक कंत्राटदारांनी सह्या केल्यावरच करार लागू व्हावा, अशी तोड त्यांनी काढली. १५ जून १९९० रोजी सेंच्युरी सिटी भागातील त्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली आणि लोकमत फिरले. त्याच वर्षी तेथील मोठ्या कंत्राटदार कंपनीने संघटनेशी करार केला. २००० सालच्या संपात कार्डिनल रॉजर महोनी यांनी कामगारांची बाजू घेतली.

एक कटू गोष्टही सांगणे भाग आहे. दशकभर आधी याच महाधर्मप्रांताने स्वतःच्या दफनभूमीत कबरी खणणाऱ्या कामगारांच्या संघटनेला विरोध केला होता. दुसऱ्याच्या इमारतीतील अन्याय लवकर दिसतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला आहे. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष. ज्यांच्या निर्णयांमुळे त्या कराराच्या अटी ठरतात ते अप्रत्यक्ष, आणि त्यांत शासन सर्वांत आधी येते. त्यांचीही जबाबदारी खरी आहे, असे पोप महोदय बजावतात. आमच्या मते सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणारी संस्थाही यात मोडते. कारण त्या दरात किमान वेतन बसत नसेल, तर कंत्राटदार ते कोठून देणार? नव्या संहितेनेही, कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते भरण्याचा भार मुख्य मालकावर ठेवला आहे.

आपल्या धर्मप्रांतातील शाळा व रुग्णालये याच कसोटीला लागतात. धर्मग्रामाच्या आर्थिक समित्यांनी येत्या १ मे रोजी, कामगार संत जोसेफच्या सणाला, सफाईच्या कराराची प्रत मागवावी. तीत माणशी वेतन किती धरले आहे, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय आणि साप्ताहिक सुटी पगारी आहे काय, एवढे तरी पाहावे. आणि रात्री किंवा पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईंनाही विचारावे. कागदावरचा आकडा आणि हाती पडणारा आकडा एकच आहे काय, हे त्यांनाच ठाऊक असते.