भिंतीचा टेकू लपवायचा कशाला?

केमसारख्या गावात जुन्या घराच्या दगडमातीच्या भिंतीला पोट सुटलं, की दोनच उपाय सुचवले जातात : वरून सिमेंटचा गिलावा थापा, नाहीतर भिंत पाडून आरसीसी उभारा. गिलाव्याने ओल आतच कोंडते; पाडकामाने भक्कम भागही जातो. भिंतीला बाहेरून दगडी टेकू देणं हा तिसरा मार्ग मात्र कुणी बोलून दाखवत नाही. भिंत वरचं ओझं निमूट पेलते. तिला झेपत नाही तो आडवा रेटा. पायात पाणी मुरलं, माळवदाची माती भिजून जड झाली किंवा जमीन हादरली, की ती बाहेर कलते. खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला टेकू तोच रेटा जमिनीत उतरवतो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात तडे गेले, तेव्हा सांडव्याबाहेरच्या भागाला मागच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊनच ते बळकट केलं गेलं. धरणाचा शिवसागर जलाशय आजही त्याच भिंतीने अडवलेला आहे.

टेकू दिसला की घर मोडकळीला आलं, असा समज आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचे दगडी टेकू मात्र उघड्यावर आहेत, आणि जगभरचे लोक ती वास्तू पाहायला येतात. गल्लीत जागा कुठे आहे, हा आक्षेप अधिक खरा. पण भारतीय मानकांचा 1993 चा हिशेब पाहा : मातीत बांधलेली दगडी भिंत आडभिंतीशिवाय 5 मीटरहून लांब असेल, तर जास्तीत जास्त 4 मीटरवर एक टेकू हवा, आणि त्याची तळाची रुंदी भिंतीच्या उंचीच्या एक षष्ठांश. 3 मीटरच्या भिंतीला म्हणजे अर्धा मीटर. एवढी जागा बऱ्याच घरांच्या ओट्यानेच व्यापलेली असते. टेकूने सगळंच सावरतं, असं मात्र मुळीच नाही. पायाच खचत असेल, तर आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर काढायला हवं. टेकूचा पाया उथळ राहिला, किंवा त्याचे लांब दगड भिंतीत खोल शिरवले नाहीत, तर तो वेगळा बसतो आणि मध्ये भेग पडते. म्हणून हे काम जाणत्या गवंड्याचं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक घरांना नोटिसा निघतात. त्यात नुसतं ‘पाडा’ न लिहिता, टेकू देऊन भिंत वाचेल का, हे अभियंत्याने जागेवर पाहून नोंदवलं पाहिजे.