‘क्वांटम’ म्हणजे प्रचंड नव्हे!

निर्यात वाढली की ‘क्वांटम जंप’, अर्थसंकल्पातील तरतूद वाढली की ‘क्वांटम लीप’. आणि राष्ट्रीय क्वांटम मोहिमेची बातमी आली की तीही ‘क्वांटम लीप’च! मोजण्यासाठी जन्मलेला शब्द मोजमाप टाळण्यासाठी वापरण्याची इंग्रजी पत्रकारितेची ही खोड विज्ञानवार्तेतून तरी हद्दपार झाली पाहिजे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘किती’. त्यामुळे आपल्या न्यायालयांतील ‘क्वांटम ऑफ पनिशमेंट’ हा प्रयोग निर्दोष आहे. तेथे शिक्षा किती, एवढाच प्रश्न असतो. १९०० साली माक्स प्लांक यांनी ऊर्जेची देवाणघेवाण ठरावीक हिश्श्यांतच होते असे गृहीत धरले आणि भौतिकशास्त्राला पुंज मिळाला. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून पहिल्या पातळीवर उतरतो तेव्हा १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे एका जूलच्या अब्जांशाचा अब्जांश घ्यावा, त्याच्या दीडपटीहून थोडी अधिक. खरी ‘क्वांटम जंप’ एवढीशी असते!

यावर बचाव असा की, शब्दातून प्रचंडता नव्हे, तर मधल्या पायऱ्या वगळणारी आकस्मिकता सुचवायची असते. बचाव मान्य. मग दहा वर्षे टप्प्याटप्प्याने झालेल्या वाढीला हाच शब्द कसा लागू पडतो? तेथे दोन्ही अर्थ निकालात निघतात. उरतो तो केवळ गाजावाजा.

प्रश्न शुद्धलेखनाचा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या मोहिमेसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटांचे संगणक उभारणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. ते तपासता येते: क्युबिट किती, त्रुटींचे प्रमाण किती, अवस्था किती काळ टिकते? ‘झेप’ मात्र तपासता येत नाही. जे तपासता येत नाही, त्याचा जाबही विचारता येत नाही.

१९२४ साली ढाक्यात अध्यापन करणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांक यांचा नियम नव्याने सिद्ध केला, तो प्रकाशपुंज मोजण्याच्या नव्या रीतीने. त्यांच्या देशातील विज्ञानवार्तेने मोजणीशी फारकत घ्यावी, याहून मोठी विसंगती कोणती?

विद्यार्थ्यांनी एवढेच करावे: बातमीत ‘क्वांटम’ दिसला की त्याचा मूळ अर्थच प्रश्न म्हणून विचारावा. किती? उत्तरात आकडा आणि एकक नसेल, तर ती बातमी नव्हे, जाहिरात समजावी.