सुरतेला म्हावरं पाठवताय? साफ करून पाठवा



गेल्या आठवड्यात आपल्या एका बोटमालकाचा फोन आला. डिझेलचं काही असेल म्हणून उचलला, तर म्हणतो, "सेक्रेटरी, पोरीला खोली सोडायला सांगितलीय." पोरगी-जावई सुरतेत अडाजणला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, जावई हजिऱ्याला कंपनीत आहे. कारण काय, तर मासळीचा वास. मला दोन दिवसांनी सुरतेला जायचंच होतं, म्हणून घरी जाऊन आलो.

आधी माझा राग सांगतो. सुरतेला मासे काय नवीन आहेत? नानपुऱ्यात माछीवाड आहे. डुमसला आपल्यासारखेच मच्छीमार आहेत. तिथले पारशी बोंबलाला बूमला म्हणतात आणि आवडीने खातात. उधना-लिंबायतला आपले खानदेशी लोक आहेत, त्यांच्याकडेही मटण-मासे शिजतात. तरी दलालाचा पहिला प्रश्न ठरलेला, व्हेज का नॉनव्हेज? खरं सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' म्हणून ऐकायचं. मग पोरं काय करतात, खोटं बोलतात. खिडक्या बंद करून, अगरबत्ती लावून, चोरी केल्यासारखे मासे शिजवतात. आपल्या बापजाद्यांच्या धंद्याची मासळी अशी लपवून खायची, हे मला पटत नाही.

बोटमालक म्हणाला, कोर्टात जाऊ. मी त्याला २००५ चा निकाल सांगितला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपविधीत तसं असेल तर सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवता येतं, असं धरलं. आपणही सहकारी संस्था चालवतो, उपविधीचं वजन आपल्याला माहीत आहे. तो निकाल सभासदत्वाचा होता, भाडेकरूच्या ताटाचा नाही, हे खरं. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा जावई नोकरी सांभाळून मालकाशी कोर्टात भांडणार आहे का?

आता दुसरी बाजू. ही आपल्यातल्या कोणाला आवडणार नाही, पण मी डोळ्यांनी बघितली. बापाने थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून अख्खं म्हावरं पाठवलं होतं. खवले, कल्ले, पोटातली घाण सगळं तसंच. पोरीने ते बिचारीने ओट्यावर साफ केलं. सिंकच्या जाळीत खवले अडकलेले, डोकी-कल्ल्यांची पिशवी बाल्कनीत दोन दिवस. कचऱ्याची गाडी सकाळी येते तेव्हा दोघं कामाच्या गडबडीत. मला स्वतःला, आयुष्य बंदरात गेलेल्या माणसाला, दारात वास आला. मग शेजारणीचं काय चुकलं?

आपल्या घरी मासे अंगणात साफ होतात. पाणी मोकळं, वारा मोकळा, उरलेलं मांजर-कावळे नेतात. फ्लॅटमध्ये यातलं काही नाही. म्हणून मी म्हणतो, चूक पोरीची कमी आणि पेटी भरणाऱ्याची जास्त. माशाचं पोट जितका वेळ भरलेलं राहील तितका तो लवकर बिघडतो आणि वास वाढतो. बर्फावर खर्च करतो तर अर्धा तास कापायलाही द्यावा.

मुशी आणि पाकट तर फ्लॅटमध्ये पाठवूच नका. त्यांच्या अंगात युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो, तो वास भिंतीत बसतो. बाकी समुद्रातल्या माशाचा जो वास आहे तो आंबटाने मरतो. आजी हाताला लिंबू नाहीतर चिंच चोळायची ती उगाच नाही. ताटं, तवा, सिंक आधी गार पाण्याने धुवायचं, मग लिंबू किंवा व्हिनेगर, साबण शेवटी. एकदम गरम पाणी ओतलं की चिकटा शिजून बसतो. उरलेली काटं-डोकी पिशवीत गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि गाडी येईल तेव्हाच खाली न्यायची. हे ऐकून पोरगी हसली, "काका, फ्रीजमध्ये कचरा?" कचरा नाही गं, सकाळपर्यंत म्हावरंच आहे ते.

तळण्याचा तेलकट धूर पडद्यांत बसतो. रोज तळायचं कशाला? पारशी लोक पापलेट हिरव्या चटणीत, केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. ना धूर, ना ओट्यावर तेल. आपलं झाकण ठेवून केलेलं कालवणही तसंच. पावसाळ्यात बंदी असताना सुकं पाठवता, तर सोडे, बोंबील घरीच भाजून चटणी करून काचेच्या बरणीत द्या. प्लास्टिकचा डबा वास सोडत नाही. फ्लॅटमध्ये गॅसवर सुका बोंबील भाजला की चार मजल्यांना कळतं.

सुरतेचंच बघा. १९९४ साली प्लेग आला तेव्हा लोक शहर सोडून पळाले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तेच सुरत इंदूरबरोबर पहिलं आलं. एवढ्या मोठ्या शहराला रोजच्या कामाने जमलं, तर आपल्याला एक ओटा जमेल.

पण साफ ठेवायचं म्हणजे लपवायचं नाही. नवीन खोली बघताना पोरांनी पहिल्याच दिवशी सांगावं, आम्ही मासे खातो, ओटा बघायला कधीही या. दोन घरं नाही म्हणतील, तिसरा हो म्हणेल. लपवून घेतलेली खोली कधीही जाते, वर सामान हलवायचा खर्च.

मला सगळ्यात लागलं ते पोरीचं एक वाक्य. निघताना हळूच म्हणाली, "बाबांना सांगा, आता नका पाठवू मासे." बोटमालकाच्या पोरीने असं म्हणावं! मी अजून त्याला सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल.

संस्थेच्या शेडमध्ये टेबल, पाणी, बर्फ सगळं आहे. सुरतेला जाणाऱ्या पेट्या तिथेच साफ करून भरायचा विषय मी कमिटीत मांडतोय. कापणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी पाठवणाऱ्याने द्यायची, फुकट नाही. तोवर ज्यांना रविवारची पेटी पाठवायची आहे त्यांनी शनिवारी सकाळी ७ च्या आत म्हावरं शेडवर आणा, मी तिथे असेन.

— सेक्रेटरी