नेम तोफेचा, परीक्षा बैठकीची



विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो की माझ्या हातून एक चूक हमखास होत असे. ज्या उपकरणात तारा अधिक, दिवे अधिक, त्याला गुणही अधिक! एका वर्षी पहिला क्रमांक मिळालेले उपकरण बक्षीस समारंभात सर्वांसमोर चालवायचे ठरले. वर्गातून व्यासपीठावर आणताना त्याला थोडे धक्के बसले आणि ते जे बंद पडले ते पुन्हा चाललेच नाही. एका मुलीचा साधा हातपंप मात्र दिवसभर पाणी उपसत होता. त्याला आम्ही उत्तेजनार्थ बक्षीसही दिले नव्हते. हीच चूक मोठमोठ्या अभियंत्यांकडूनही झाली आहे, हे मला युद्धनौकांवरील विमानवेधी तोफांचा इतिहास वाचताना कळले.

शस्त्रांचा विषय शाळेच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. युद्धाचे कौतुक करावे म्हणून मी तो निवडलेला नाही. यंत्र कोठे चालायचे आहे याचा विसर पडला की काय होते, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते, म्हणून निवडला.

स्वीडनमधील बोफोर्स कंपनीची ४० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ १९३० नंतरच्या दशकात जगभर गाजली. मिनिटाला सुमारे १२० गोळे, आणि गोळ्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे ८८० मीटर. १९६१ मध्ये आपल्या नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’वरही याच जातीच्या तोफा होत्या. आता गणित करा. ताशी ३६० किलोमीटर वेगाचे विमान २,००० मीटरवरून आडवे चालले आहे. हवेचा विरोध विसरलो तरी गोळ्याला तेथे पोहोचायला सव्वादोन सेकंद लागतात. तेवढ्यात विमान २२५ मीटर पुढे गेलेले असते! म्हणजे नेम विमानावर धरायचाच नाही, ते जेथे असणार तेथे धरायचा.

पण खरी अडचण पायाखालीच आहे. जहाज लाटांवर डुलते. तोफ केवळ एक अंश कलली तरी २,००० मीटरवर नेम ३५ मीटर चुकतो. शिवाय डेक बाजूला कलला की आणखी घोटाळा होतो. एक पुस्तक आडवे धरा. त्यावर एक पेन्सिल अशी तिरपी धरा, की तिचे टोक भिंतीवरच्या घड्याळाकडे राहील. आता पेन्सिल तशीच ठेवून पुस्तक डाव्या बाजूला कलवा. पेन्सिलीचे टोक घड्याळावरून बाजूला सरकले ना? म्हणून तोफ आडवी फिरवणारा आणि वर-खाली करणारा असे दोनच आस असले, तर जहाजावर दोन्हींत सतत दुरुस्ती करत राहावी लागते. बाजूच्या कलाची भरपाई करणारा तिसरा आस दिला, तर हे काम सोपे होते.

असा तिसरा आस असलेली हाझेमेयर नावाची बैठक हॉलंडमध्ये तयार झाली होती. १९४० मध्ये ‘विलेम फान देर झान’ ही डच सुरुंगपेरणी नौका निसटून इंग्लंडला पोहोचली, तेव्हा ही बैठक तिच्यावर होती. ब्रिटिशांनी ती उचलली आणि पुढे त्याच वाटेने ‘स्टॅग’ ही बैठक बनवली. दोन नळ्यांची तोफ, रडार, गणकयंत्र, सारे एकाच बैठकीवर! वजन साडेसतरा टन. कागदावर ती अजोड होती. परंतु तोफ सुटू लागली की बैठक थरथरे. त्या काळची नाजूक निर्वात नलिकांची उपकरणे नेमकी त्याच थरथराटात बसवलेली होती. ती वारंवार बिघडत. अखेर अनेक नौकांवरून ‘स्टॅग’ काढून तिच्या जागी निम्म्याहून कमी वजनाची, साधी बैठक बसवण्यात आली.

तेव्हा ‘साधे तेच चांगले’ असे म्हणून मोकळे व्हायचे का? नाही. ‘स्टॅग’ची कल्पना चुकीची नव्हती. १९८० मध्ये अमेरिकेच्या ‘कोरल सी’ या विमानवाहू नौकेवर ‘फॅलान्क्स’ बसवली गेली, तेव्हा तिच्यातही तोफ आणि रडार एकाच बैठकीवर होते. मधल्या काळात निर्वात नलिकांची जागा लहान आणि धक्के सोसणाऱ्या घनस्थिती इलेक्ट्रॉनिकीने घेतली होती. कल्पना पुढची होती, पण ती पेलणारे साहित्य मागे होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की यंत्राचे मोल ते किती गुंतागुंतीचे आहे यावरून ठरवू नये. ते आपल्या जागी, तेथल्या धक्क्यांत, पाण्यात, धुळीत चालते की नाही यावरून ठरवावे. शिक्षकांना विनंती, की प्रदर्शनात उपकरण पाहिले की ते एकदा टेबलावरून उचलायला लावा, दुसरीकडे ठेवायला लावा आणि मगच गुण द्या. आणि मित्रांनो, तुम्ही आराखडा काढायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न ‘हे काय काय करील?’ असा विचारू नका. ‘हे कशावर उभे राहणार आहे?’ असा विचारा. मी आता तोच विचारतो. हातपंपवाल्या त्या मुलीला न विचारल्याची चुटपुट मात्र अजून आहे.