गाळा खाली, गळती वर

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला आलेला माणूस शटरच्या वर सहसा बघत नाही. बघितलंच, तर दुकानाच्या पाटीमागे दडलेला सागवानी सज्जा दिसतो, क्वचित त्याला लोंबणारं कोरीव केळफूल, आणि त्याच्याही वर कौलांतून फुटलेला पिंपळ. वाड्यांबद्दल हळहळणारी मंडळी पाटीवर चिडतात. चिडायचं तर पिंपळावर चिडावं, असं माझं मत आहे.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रविवार पेठेसारख्या व्यापारी पेठांतली जुनीच रीत. सदाशिव-शनिवारातले वाडे तेवढे रस्त्याशी फटकून असायचे. उंच जोतं, जाड भिंत, दिंडी दरवाजा. घरातला सगळा वावर आतल्या चौकाभोवती. पण त्यांचीही दुकानं झाली, आणि फार सहज झाली. याचं कारण बांधणीतच आहे. वाडा उभा असतो तो मुख्यतः लाकडी सांगाड्यावर. दगडी तळखडा, त्यावर सागाचा खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कडीपाट. दोन खांबांमधलं साधारण पाच फुटांचं अंतर म्हणजे एक खण. खांबांमधल्या विटा बऱ्याच ठिकाणी नुसती भरण असतात. त्या काढल्या, पुढे फळ्या लावल्या, की गाळा तयार. फळ्यांच्या जागी शटर नंतर आलं. (मधला खांब गिऱ्हाइकाला अडतो म्हणून तोच कापणारे महाभागही आहेत. त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.)

म्हणजे दुकान घातल्याने वाडा मरत नाही. मरतो पाण्याने, आणि पाणी वरून येतं. एखादं कौल सरकतं, पाणी पोटमाळ्यावर उतरतं, तिथून कडीपाटावरच्या मातीत जिरतं. माती ओल धरून ठेवते आणि खालचं लाकूड कुजायला लागतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी जातं, तेही कोणाला न दिसता. पावसाळ्याआधी दरवर्षी कौलं शाकारली तर यातलं बरंच टळतं.

शाकारायची कोणी? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. १९९९च्या कायद्याने वाढ दिली ती वर्षाला चार टक्के, म्हणजे शून्याच्या शेजारच्या आकड्यावर चार टक्के. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा येत नाहीत. दुकानदाराच्या डोक्यावर पीओपीचं छत. वरची गळती त्याला दिसतच नाही. वरची बिऱ्हाडं कधीच फ्लॅटमध्ये गेली. वाडा पडला की पुनर्विकासात आपल्याला काय मिळेल, याचा हिशेब मात्र सगळ्यांच्या डोक्यात तयार असतो.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचं हेच झालं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. पुढे तळाला दुकानं थाटली गेली आणि वरचे मजले ढासळत राहिले. स्मारक करायचं ठरलं, तर महापालिका आणि गाळेधारकांचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात अडकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही गाळेधारक हरले आणि डिसेंबरात पालिकेने वाडा पाडला. आता त्या जागेवर स्मारक होईल. जिथे मुली शिकल्या त्या भिंती मात्र त्यात नसतील. तिथून थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. १८७९च्या आगीत होरपळला, पाठशाळा, पालिकेची कचेरी, टपालघर असं सगळं त्याने पोटात घेतलं, तरी टिकला. तिथे छप्पर कोणाचं, हा प्रश्न नव्हता.

खाजगी वाड्यांतही तो सोडवता येईल. वारसा यादीतल्या वाड्यात गाळा असेल, तर त्याच्या मिळकतकरातला ठरावीक वाटा छपराच्या नावाने वेगळा काढा आणि पालिकेने तो मे महिन्यात त्याच वाड्याच्या कौलांवर खर्च करावा. मालकाच्या वाट्याचा करही त्यातच धरा. दुकानदार आरडाओरडा करतील. त्यांनी आधी पाटीच्या रोषणाईचं वर्षाचं बिल दाखवावं, मग बोलू.