ब्रेक ऑईल हे तेल नव्हेच!

आपल्या सीमाभागात एका वस्तूला दोन भाषांत दोन नावे असणे नवे नाही. पण दोन्ही भाषांत मिळून एकच चुकीचे नाव रूढ झालेली वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर ‘ब्रेक ऑईल’कडे बोट दाखवावे लागेल. मराठीत तेल म्हणा, कन्नडमध्ये एण्णे म्हणा, डिस्क ब्रेकच्या त्या छोट्या डबीत जे असते ते तेल नव्हेच. तेल पाण्यावर तरंगते, हे पाण्यात विरघळते. एवढेच नव्हे, तर ते हवेतला ओलावा हळूहळू पिऊन घेते. घाट उतरताना हाच ओलावा जिवावर बेतू शकतो.

येळ्ळूर आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना हे सांगण्याचे एक खास कारण आहे. बेळगाव हे हायड्रोलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे शहर आहे. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांत, फाउंड्रीत आपल्याकडची कितीतरी माणसे कामाला जातात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम त्यांना पुस्तकातून नव्हे, रोजच्या कामातून ठाऊक असतो. कारखान्यातला प्रेस आणि गाडीचा डिस्क ब्रेक या एकाच तत्त्वावर चालतात.

तत्त्व एक असले तरी तेल मात्र एक नव्हे. प्रेसमध्ये सहसा खनिज तेल असते. ब्रेकचा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतो, आणि ब्रेकमधले रबरी सील त्याच द्रवासाठी केलेले असतात. ‘हायड्रोलिक ऑईलच आहे की, ओत थोडं’ असे म्हणून कुणी खनिज तेल ओतले, तर ते सील फुगतात. मग ब्रेक अडकतो किंवा लागतच नाही, आणि सगळे रबर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. इंजिन ऑईलचेही तसेच. ट्रॅक्टरच्या ‘ऑईल ब्रेक’शीही याचा संबंध जोडू नये. तिथे ब्रेकच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात, ते तेल निराळे. उघड्या डब्यातला द्रव कोणता याची शंका आली, तर एका टाकाऊ वाटीत पाणी घेऊन त्यात थेंबभर टाकून पाहा. थेंब वर तरंगला तर ते तेल आहे, ब्रेकजवळ नेऊ नका.

आता ओलाव्याकडे वळू. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतात आणि उष्णता निर्माण होते. ती कॅलिपरमधून द्रवापर्यंत पोचते. डब्यावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. नवा डॉट ३ द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी शिरले की हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग तुमच्या हाताचा जोर बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. लिव्हर थेट मुठीपर्यंत येतो आणि गाडी मात्र पुढेच जाते.

फसवणूक अशी, की गावात फिरताना यातले काहीच कळत नाही. बाजारातून घरी येईपर्यंत ब्रेक फारसा तापत नाही. चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना, आंबोलीहून सावंतवाडीकडे जाताना, निपाणीजवळच्या तवंदी घाटात किंवा राजहंसगडाच्या उतारावर मात्र तो पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. २०२३ मध्ये गडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेव्हापासून मुलाबाळांना स्कूटरवर बसवून गड पाहायला जाणारी कुटुंबे आपण पाहतोच. चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. गिअरच्या गाडीत खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनही वेग आवरावा. ‘निधानवागि चलिसि’ ही पाटी केवळ वळणासाठी नसते.

डबीच्या काचेतून पातळी दिसते, म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. पातळी म्हणजे प्रमाण, गुण नव्हे. पाणी प्यालेला द्रवही काचेत भरलेलाच दिसतो. रंग काळपट झाला तर तो नक्कीच बदलावा, पण रंग चांगला आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. बहुतेक कंपन्या सुमारे दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात. आपल्याकडे जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात महिनोन्‌महिने पाऊस आणि दमट हवा असते, तेव्हा ही मुदत लांबवण्यात अर्थ नाही. पातळी खाली गेली असेल तर नुसते वरून ओतू नका. पॅड झिजले की पातळी उतरते, गळती असली तरी उतरते. आधी कारण शोधावे.

द्रव बदलणे आणि आतली हवा काढणे, ज्याला गॅरेजमध्ये ‘ब्लीडिंग’ म्हणतात, हे काम दुचाकीच्या पुढच्या साध्या डिस्क ब्रेकसाठी दोघांनी मिळून करण्याजोगे आहे. एकाने लिव्हर सांभाळायचा, दुसऱ्याने पाना. आधी टाकीवर आणि पुढच्या भागावर ओले फडके टाकावे, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. हँडल असे वळवावे की डबी सपाट राहील. झाकण पुसूनच उघडावे. जुना द्रव सिरिंजने काढून घ्यावा आणि सीलबंद डब्यातला नवा भरावा. कोणता डॉट हे डबीच्या झाकणावर लिहिलेले असते, तोच घ्यावा. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नये.

कॅलिपरवरच्या निपलला आधी रिंग पाना लावावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीत थोड्या द्रवात बुडवावे. आता घरात जी भाषा चालते त्या भाषेत हुकूम सुरू करावेत: ‘दाब, धर, सोड’ किंवा ‘ओत्तु, हिडि, बिडु’. लिव्हर दोन-तीनदा सावकाश दाबून धरायचा. तो धरलेला असतानाच निपल पाव फेरा उघडायचे. द्रव आणि बुडबुडे नळीत येतात, लिव्हर मुठीकडे जातो. मग निपल बंद करायचे आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचे. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेली मेहनत वाया जाते. दर चार-पाच फेऱ्यांनी डबीत भर घालावी. ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते. नळीत बुडबुडे येणे थांबले, स्वच्छ द्रव दिसू लागला आणि लिव्हर टणक झाला की काम झाले. शेवटी पातळी वरच्या खुणेपर्यंत आणावी, निपल व झाकण घट्ट करावे. रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या जागेत अगदी सावकाश ब्रेक तपासावा. लिव्हर मऊ लागत असेल तर गाडी बाहेर काढू नये.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. अशा गाड्या आणि चारचाकी यांचे काम माहीतगार मेस्त्रीकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडेच द्यावे. एबीएसच्या पेटीत हवा अडकली तर ती काढायला बऱ्याचदा खास यंत्र लागते. पण द्रव कोणता घातला, डबा समोर उघडला का, हे विचारायला संकोच कसला?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा धडा वेळीच मिळतो. ‘बाजा एसएई इंडिया’ या स्पर्धेत मुले खडबडीत रानातून धावणारी छोटी चारचाकी, म्हणजे एटीव्ही, स्वतः बनवतात. धावण्याच्या फेऱ्यांआधी एक परीक्षा असते: ब्रेक दाबताच चारही चाके एकदम थांबली पाहिजेत. एका नळीत हवा राहिली तरी तिथे अडते. आपल्या घरच्या गाडीला असा परीक्षक नसतो, म्हणून ती परीक्षा आपणच घ्यायची.

काढलेला द्रव गटारात, विहिरीजवळ किंवा भाताच्या बांधावर ओतू नका, तो विषारी आहे. झाकणाच्या बाटलीत भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवून, जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावा. तिथेही ‘हे ब्रेकचं आहे’ असे सांगून वेगळा द्यावा. उरलेला अर्धा डबा पुढच्या वेळेसाठी जपणेही नको. एकदा सील फुटले की तोही ओलावा पिऊ लागतो. म्हणून लहान डबाच विकत घ्यावा.

गॅस सिलिंडर कधी लावला ते आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. तिथेच आणखी एक ओळ लिहा: ब्रेकचा द्रव बदलला, तारीख अमुक. दोन वर्षांनी कॅलेंडर बदललेले असेल, तेव्हा ती ओळ दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवायला विसरू नका. एका लहान डब्याच्या किमतीत घाट निर्धास्त उतरता येत असेल, तर ही चैन नव्हे, घरखर्चच आहे.