लॅपटॉप थकला म्हणून टाकू नका



खरिपाचा माल बाजारात गेला, हाती चार पैसे आले की घरोघरी खर्चाची यादी निघते. उसनवारी फेडायची असते, रब्बीचे बियाणे-खत आणायचे असते, एखादे लग्नकार्य असते. अलीकडे या यादीत आणखी एक नाव दिसू लागले आहे, ते म्हणजे नवा लॅपटॉप. "साहेब, पोरीचा लॅपटॉप चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, नवा घ्यावा म्हणतो," असे बांधावर भेटणारे पुष्कळ जण सांगतात. किती वर्षांचा आहे, असे विचारले तर "सात-आठ वर्षांचा" असे उत्तर मिळते. त्यात नेमके काय बिघडले, असे विचारले की मात्र उत्तर येत नाही.

खत-बियाण्यांचा सल्ला देणाऱ्याने लॅपटॉपवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण महाडीबीटीवरचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, दूध-भाजीचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास ही सारी कामे आता त्यावर होतात. म्हणजे तेही घरातले एक अवजारच झाले. विहिरीवरची मोटार पाणी कमी फेकू लागली तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. आधी फुटव्हॉल्व्ह पाहतो, पाइप कोठे गळतो का पाहतो, मग कारागिराला बोलावतो. लॅपटॉपलाही हाच नियम लावावा. त्याचा थकलेला भाग कोणता ते आधी ओळखावे आणि तेवढाच बदलावा.

आत काय काय असते?

लॅपटॉपच्या कामाचे तीन मुख्य भाग समजून घेतले तरी पुरे.

प्रोसेसर म्हणजे कामाची बैलजोडी. सारी ओढ त्याची. रॅम म्हणजे खळे. ज्या मालावर आत्ता काम चालू आहे तो येथे पसरलेला असतो. हार्ड डिस्क म्हणजे कोठार. फोटो, कागदपत्रे, कार्यक्रम सारे तेथे साठवलेले असते. बैलजोडी दमदार असली तरी खळे लहान आणि कोठाराची वाट चिखलाची असेल तर मळणी रखडणारच. जुन्या लॅपटॉपचे बहुधा असेच झालेले असते. बैल अजून चालतात, वाट खराब झालेली असते.

२०१७-१८ च्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या पुष्कळ साध्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-३ ६००६यू हा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क होती. आज ते रखडतात, पण पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, व्हिडिओवरचा वर्ग पाहणे यांसाठी त्यांचा प्रोसेसर अजून पुरतो. अशा लॅपटॉपची कोठार आणि खळे बदलण्याजोगी असली तर तो आणखी काही वर्षे काम देतो.

दुखणे कसे ओळखावे?

लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तीत परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात.

डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांना टेकलेला दिसला तर दुखणे कोठाराचे आहे. दोन-तीन कामे उघडताच मेमरी ८५-९० टक्क्यांवर गेली तर खळे अपुरे आहे. मेमरीवर बोट ठेवले की रॅमच्या किती जागा आहेत आणि किती भरल्या आहेत हेही बहुतेक लॅपटॉपमध्ये तेथेच लिहिलेले असते. साध्या कामातही सीपीयू सतत १०० टक्के राहिला तर आधी पंखा आणि व्हायरस तपासावा. तेथे दोष नसेल तर मात्र बैलजोडीच थकली असे समजावे. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर पक्का डाक दिलेला असतो, तो बदलता येत नाही.

पहिला इलाज: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या. तिच्यावर एक सुई मागेपुढे धावून मजकूर शोधते. हजारो लहान तुकडे ठिकठिकाणी विखुरलेले असले की सुईची धावाधाव होते आणि आपण पडद्यापुढे बसून राहतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सारे विजेवर. तबकडीची डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी मजकूर वाचते, तर साधी साटा एसएसडी सुमारे ५०० एमबी. विखुरलेले तुकडे गोळा करताना तर फरक याहून किती तरी मोठा पडतो. हा एक भाग बदलला की दहा मिनिटांचे काम मिनिटाच्या आत आल्यासारखे वाटते. सबब पैसे एकाच भागापुरते असतील तर ते येथे घालावेत.

घरच्या वापराला २५६ जीबी चालते, फोटो-व्हिडिओ फार असतील तर ५१२ जीबी घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. काही लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची पट्टीसारखी जागा असते. त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे असले तरी प्रत्येक लॅपटॉप दोन्ही घेत नाही. म्हणून लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून घ्यावी. फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवायला ती उपयोगी पडते.

दुसरा इलाज: रॅम वाढवणे

४ जीबीची ८ जीबी केली की एका वेळी वर्ग, वही आणि इंटरनेट अशी तिन्ही कामे उघडी राहतात. पण रॅम विकत घेताना प्रकार नीट पाहावा. डीडीआर३, डीडीआर३एल आणि डीडीआर४ हे वेगवेगळे आहेत. डीडीआर४ ची खाच डीडीआर३ च्या जागेत बसतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र एकाच जागेत बसतात आणि फसगत होते ती तेथे. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ व्होल्टवर. फक्त डीडीआर३एल मागणाऱ्या लॅपटॉपला साधी डीडीआर३ चालत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम तिला वापरताच येत नाही, आधी ६४ बिटची घालावी लागते. दुसरे म्हणजे काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम डाक देऊन कायमची बसवलेली असते, तिला हात लावता येत नाही. पुढे खोलल्यावर निराश होण्यापेक्षा आधी चौकशी बरी.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्याने काय दिले यावर विसंबू नये, दोन दुकानांत भाव विचारावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली रॅम तपासून मिळत असेल तर ती घ्यायला हरकत नाही, कारण तिच्यात झिजणारे काही नसते. जुनी बॅटरी आणि जुनी एसएसडी मात्र घेऊ नये. त्या वापराने झिजतात.

तिसरा इलाज: बॅटरी आणि चार्जर

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. बॅटरी मेली असेल तर अर्ज भरता भरता लॅपटॉप बंद पडतो आणि भरलेले सारे जाते. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते, असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली आला असेल तर बॅटरी बदलावी.

टचपॅड वर आलेला दिसला, तळ फुगला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा लॅपटॉप त्या क्षणी बंद करावा आणि चार्जर काढावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चुलीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नये. तिला आग लागते. घरातल्या लहान मुलांच्या हाती तर ती जाताच कामा नये.

चार्जर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत. जुन्यावर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर लिहिले असेल तर तो ६५ वॅटचा चार्जर झाला. पिनही तीच हवी.

चौथा इलाज: सफाई

हा सर्वांत स्वस्त, आणि पुष्कळ जण विसरतात तो हाच. मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, अंगणातली धूळ पंख्यात अडकते. गोधडीवर ठेवून लॅपटॉप वापरला तर खालची हवेची वाटच बंद होते. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो लॅपटॉप मंद झाला. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. चार-पाच वर्षांचा लॅपटॉप असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही नवी लावून घ्यावी. लॅपटॉप पाटावर किंवा टेबलावर ठेवून वापरावा.

विंडोजचे काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पिढी नावावरून कळते. आय-३ ६००६यू हा सहाव्या पिढीचा, आय-५ ८२५०यू हा आठव्या पिढीचा. आठव्या पिढीचा असेल तर एसएसडी घालतानाच विंडोज ११ घालून घ्यावी.

त्याआधीचा असेल तर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिच्यात इंटरनेट, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि मराठी टंकलेखन सारे होते. मात्र मुलगा किंवा मुलगी टॅली अथवा ऑटोकॅड शिकत असेल तर त्यांना विंडोज लागते. म्हणून हा निर्णय मुलांना विचारूनच घ्यावा. मदत थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे मात्र टाळावे.

नवा केव्हा घ्यावा?

जुन्याला चिकटून राहणे हीही काटकसर नव्हे. मदरबोर्डमध्ये पाणी शिरले असेल, पडदा फुटून बिजागरीही तुटली असेल, किंवा रॅम आणि साठवण दोन्ही डाक दिलेली असतील, तर त्यावर पैसे घालू नयेत. माझा हिशेब साधा आहे. साऱ्या दुरुस्तीचा खर्च तशाच कामाच्या नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक-तृतीयांशावर गेला तर थांबावे आणि विचार करावा. खर्चाचा आकडा काम सुरू होण्यापूर्वी कागदावर घ्यावा.

दुकानात जाताना

१. आधी सारी कागदपत्रे आणि फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर काढावी.
२. शक्य असेल तर काम आपल्यासमोर करून घ्यावे.
३. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागावा. हार्ड डिस्क तर दुकानात मुळीच ठेवू नये. तिच्यात आपले आधार, पासबुक, घरचे फोटो असतात.
४. पक्की पावती घ्यावी. तिच्यावर भागाचे नाव, क्षमता आणि हमीचा काळ लिहून घ्यावा.
५. घरी येण्याआधी टास्क मॅनेजर उघडून नवी रॅम आणि एसएसडी दिसते का, हे स्वतः पाहावे.
६. मेलेली बॅटरी आणि निकामी भाग भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावेत.

शेवटी एक सांगतो. घरात लॅपटॉप रखडतो तेव्हा त्याचा त्रास बापाच्या खिशाला नंतर होतो, अभ्यास करणाऱ्या मुलीला आधी होतो. अर्जाची मुदत रात्री बाराला संपणार आणि पडद्यावर चक्र फिरत राहणार, हे तिच्या वाट्याला येते. "पुढच्या हंगामात नवा घेऊ" असे सांगून तिला वर्षभर थांबवू नका. या रविवारी तिला शेजारी बसवा, ती तीन बटणे दाबायला सांगा आणि तीन आकडे वहीत लिहून काढा. ती वही घेऊन तालुक्याला जा. नवा घ्यायचा की जुना सुधारायचा, हे मग तुमच्या घरातच ठरेल, दुकानदाराच्या गल्ल्यावर ठरणार नाही.